सत्तर व्होल्ट कुठं गेले?

एक विचारू का? यंत्र बिघडलं की तुम्ही भरवसा कुणावर ठेवता? लांबूनच आवाज ऐकून "गेलं की हे!" म्हणणाऱ्यावर, की "थांबा, बघू या" म्हणून झाकण उघडणाऱ्यावर? मी त्या दुसऱ्याच्या हातातला. मी वीज मोजणारा काट्याचा मीटर बोलतोय. एक लाल तार, एक काळी तार आणि काचेआड एक काटा, एवढाच माझा संसार.

जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. तिथून थर्माकोलात बसून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आलो, विद्याश्रीताईंच्या वायर-मोटरींच्या दुकानात. तोवर आकडे दाखवणारे मीटर निघाले होते. मला कोण विचारतंय! वर्षभर कपाटात धूळ खाल्ली. शेवटी ताईंनीच मला स्वतःसाठी काढून घेतलं. म्हणाल्या, "आकडा नुसता सांगतो. काटा कसा डळमळतो, ते डोळ्यानं दिसतं."

ताई कुठल्या कॉलेजात शिकल्या नाहीत. माल परत घेऊन येणारं गिऱ्हाईक, हेच त्यांचं कॉलेज. एकदा हातकणंगल्याचा एक पावणा, दोन मोटरी जळाल्या म्हणून तिसरी घ्यायला आला. ताईंनी विकली नाही. मला पिशवीत घालून त्याच्या विहिरीवर गेल्या. मोटर ठणठणीत होती, लाईनचं व्होल्टेजच कमी येत होतं. गल्ल्यात येणारी लक्ष्मी परत पाठवली म्हणून शेजारचे हसले. पण त्या पावण्याचं अख्खं गाव आज वायर ताईंकडूनच नेतं.

यंदाच्या मे महिन्यात दुकानासमोर एक अजब गाडी येऊन थांबली. पंचेचाळीस वर्षांची परदेशी घरगाडी. आत ओटा, पलंग, खिडकीला पडदे, छपरावर एसी. मालक महालिंगअण्णा, गुळाचे व्यापारी. गुळाचे नमुने घेऊन त्यांनी याच गाडीतून कर्नाटक पालथा घातला होता. सोबत त्यांची बायको, शांतव्वा.

"ताई, तुमीच बघा आता," शांतव्वा म्हणाल्या. "शुक्रवारी विजापुरात नातीचं बारसं हाय. ह्यांना गेल्या साली ऊन लागून दवाखान्यात ठेवलंतं. डॉक्टर म्हणत्यात, गारव्यात न्हेणार असाल तरच न्या. आन एसी नुसता घुरघुरतोय आणि बंद पडतोय."

"दोन मिस्त्री बघून गेले," अण्णा म्हणाले. "कॉम्प्रेसर गेला, आता मिळत न्हाय, भंगारात घाला म्हणाले. मी म्हटलं, मला बी त्याच भंगाराच्या गाडीत घालून न्या!"

"गप बसा!" शांतव्वा कडाडल्या.

मिस्त्र्यांनीही वीज मोजली होती. पण एसी बंद ठेवून. बैल गोठ्यात उभा असताना त्याची ओढ कशी कळणार? ताईंनी दुकानातून लाईन जोडली आणि एसी चालू करायला लावला. घुरघुर सुरू झाली की दहा सेकंदांत मोजायचं, मग पाच मिनिटं यंत्र थंड होऊ द्यायचं, पुन्हा मोजायचं. घामानं त्यांचा पदर भिजला, पण घाई नाही. दुकानाच्या बोर्डावर मी सव्वादोनशे दाखवले. एसीपाशी एकशे पंचावन्न.

"सत्तर व्होल्ट वाटेत कोण खातंय?" ताई स्वतःशीच म्हणाल्या.

घरची लाईन असो की जनरेटर, वीज गाडीत शिरते ती मागच्या एका डब्यातून. त्यात दोन जोड, वीज आणणाऱ्या फेजचा आणि परत नेणाऱ्या न्यूट्रलचा; प्रत्येकात येणारी तार आणि पुढं जाणारी तार एका स्क्रूखाली. ताईंनी माझं एक टोक येणाऱ्या तारेवर ठेवलं, दुसरं जाणाऱ्या तारेवर. जोड नीट असेल तर मी शून्यावर बसून राहायचं. फेजच्या जोडावर मी शून्यावरच बसलो. न्यूट्रलच्या जोडावर माझा काटा उसळून थेट सत्तरावर गेला. इतक्या वर्षांत इतक्या आनंदानं मी कधी उडी मारली नव्हती!

वीज तोडून ताईंनी तो स्क्रू काढला. तार हिरवी, जळून काळी, आणि भोवती पांढरा घट्ट थर. ताईंनी तो बोटानं चोळला. मग डब्याच्या झाकणाकडं बघितलं. झाकणावर विभूतीचे तीन पट्टे होते.

अण्णांना कळलं. ते हळूच म्हणाले, "दर अमावस्येला भस्म पाण्यात कालवून लावती ती. गाडीत वीज शिरती तिथं पयला मान, म्हणती. वीस वर्सं झाली. ताई, तिला सांगू नगा. उंदराचं नाव घ्या की."

"अण्णा, आज उंदराचं नाव घेईन. पुढच्या अमावस्येला भस्माचं पाणी झाकणाच्या फटीतून परत आत जाईल."

आणि ताईंनी शांतव्वांना सगळं दाखवलं, आवाज न चढवता.

शांतव्वांनी त्या जळक्या तारेवरून बोट फिरवलं. "म्हणजे ह्यांची वाट मीच अडवलीती?"

"अव्वा, तुमची भक्ती बरोबर. जागा तेवढी चुकली. गाडीच्या पुढच्या काचेवर लावा, कोरडं."

"काचेवर कशाला? ह्यांच्या कपाळाला लावते. तितं वीज न्हायच!"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ताईंनी जळका भाग कापला, नवा जोड बसवला. एसीनं एकदा हुंकार भरला आणि चालू लागला. भर दुपारी अण्णा तासभर आत बसले आणि शेवटी चादर मागू लागले.

ताई प्रत्येक दुरुस्ती वहीत लिहितात: काय बिघडलं, कशानं. 'कशानं'पाशी पेन थबकलं. शांतव्वा म्हणाल्या, "लिवा की. शांतव्वाच्या हातानं. पुढं कुणाच्या तरी उपयोगाला येईल."

इतक्या वर्षांत त्या वहीत आपलं नाव आपण होऊन घालणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

शनिवारी विजापूरहून फोन आला. बारसं झालं, आणि बाळ घरच्या उकाड्यात रडायला लागलं म्हणून अण्णा त्याला घेऊन घरगाडीत झोपलेत, हलायला तयार नाहीत.

आता माझं वय झालंय. काच तडकलीय, काटा मधेच अडतो, ताई टिचकी मारून त्याला जागेवर आणतात. जिथवर टिचकी पुरतेय तिथवर मी खरंच दाखवीन. तुमच्याकडं मागणं एकच. हिशेब कसलाही असो, विजेचा, धंद्याचा की घरच्या चुकांचा, तो खरा ठेवा. आणि ज्या ओळीवर तुमचं स्वतःचं नाव यायला हवं, ती ओळ कोरी सोडू नका.