पाकिटावरचं नाव

कानिफनाथ रशियाहून परत येऊन चौदा महिने झाले होते, तरी पारनेरकडच्या त्या सासुरवाडीत त्याचं कौतुक ओसरलं नव्हतं. नाशिककडच्या सरकारी कारखान्यातला हा फिटर आठ महिने तिकडे यंत्रं शिकायला गेला आणि तिथली भाषाही बोलायला शिकून आला. गावात असा दुसरा जावई नव्हता. सासरा गोरक्ष हवालदार मात्र तोंडावर कौतुक करणाऱ्यांतला नव्हता. त्याचं जावयाकडे एक काम होतं, आणि ते काढायला त्याने एकाहत्तर सालच्या संक्रांतीनंतरचा हुरड्याचा दिवस धरला.

रंगुबाई आणि मनकर्णा, म्हणजे त्याची बायको आणि लेक, कणसं मोडायला रानात आत गेल्या, तसा तो हुरडा भाजायच्या आगटीशी सरकून बसला आणि सांगू लागला. पंचेचाळीस साली लढाई संपली, तरी इंग्रजांनी त्याची पलटण जावा बेटावर उतरवली होती. तिथल्या लोकांना स्वतःचं राज्य हवं होतं, आणि त्यांच्यावर बंदुका धरायला पाठवली कोण, तर नगर जिल्ह्यातली कुणब्यांची पोरं. बांडुंगच्या वरच्या डोंगरात गोरक्षला हिवतापाने गाठलं आणि तो भाताच्या खाचरात मागे पडला. सुकासारी गावातल्या एका बाईने त्याला उचलून नेऊन भाताच्या कणगीआड लपवलं, अकरा दिवस पेज पाजली. तिचा स्वतःचा मुलगा लढणाऱ्यांत होता. या पाव्हण्याच्या पलटणीची गोळी त्याला कधीही लागली असती, हे तिला ठाऊक होतं. बाराव्या दिवशी रस्त्यावर पलटणीची लॉरी दिसली आणि गोरक्ष मागे न बघता पळत सुटला.

"तिला एक शबूद बोललो न्हाई, जावईबापू. पंचवीस वर्सं झाली. आता ती सत्तरीची आसंल. तिला कागद धाडायचाय, तेवडा लिवून द्या."

कानिफनाथ अवघडला. समुद्रापलीकडे सगळीकडे एकच भाषा चालते असा म्हाताऱ्याचा समज, आणि रशियन भाषेत जावात पाणीसुद्धा मागता येणार नाही हे त्याला सांगायचं कसं? त्याने ते चाचरत सांगितलं. म्हातारा आधी हिरमुसला, मग त्याला राहवेना. मग तुमची ती रशियन असते तरी कशी, म्हणाला.

कानिफनाथने रडगाणंच लावलं. एकेका शब्दाची सहा-सहा रूपं, बाई बोलली की क्रियापद निराळं, पुरुष बोलला की निराळं. त्यात काय, म्हातारा म्हणाला, आमची रंगू 'आले' म्हणते आणि मी 'आलो' म्हणतो, कोण मेलं त्याने? पण जावाची भाषा खरी गरिबाची. 'माकान' म्हणजे खाणं. काल खाल्लं, उद्या खाईन, त्याने खाल्लं, तिने खाल्लं, माकान ते माकानच. खबरीला 'काबार', भाषेला 'बाहासा', जणू आपल्याच घरून गेलेले शब्द. कणगीआड पडल्या पडल्या आठ दिवसांत बाईचं बोलणं त्याला कळायला लागलं होतं. चार महिने वह्या घोकून मीठ मागताना अडखळणारा कानिफनाथ ते ऐकून मनातून जळलाच.

शिवाय ती भाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात, हे म्हाताऱ्याने तिथे पाहिलेल्या पाट्यांवरून कळल्यावर तर कामच सोपं झालं. म्हातारा बोलत गेला, जावई अक्षरं उमटवत गेला. मी जिवंत आहे. मला एक लेक आहे. तुझा मुलगा घरी आला का? शेवटी 'तेरिमा कासिह', तिथले लोक उपकार मानताना म्हणतात ते. चार ओळींत पंचवीस वर्षं मावली. मग कानिफनाथने पाकिटावर लिहायला नाव विचारलं.



"इबू म्हनायचो," म्हातारा म्हणाला. "इबू म्हंजी आई. वाढनाऱ्या बाईला तिचं नाव इचारतं व्हय कुनी?"

सुकासारीत घरोघर इबू होत्या, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याला ते आत्ता, त्या क्षणी कळलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं तो लिहून देणाऱ्याची वाट बघत बसला होता.

त्याला जरा बरं वाटावं म्हणून कानिफनाथ म्हणाला, की रशियात असं माणूस हरवत नाही. तिथेही आपल्यासारखंच नाव, बापाचं नाव, आडनाव. खानावळीतल्या अन्ना स्तेपानोव्हनाचंच घ्या, स्तेपानची लेक. हा गाईचं मांस खात नाही हे कळल्यावर त्या बाईने आठ महिने याच्यापुरतं कोबीचं सूप वेगळ्या भांड्यात शिजवलं. बाकीचे कुरकुरले, तर त्यांनाच झापलं.

"तिचा पत्त्या हाय?"

"आहे की, वहीत."

"मग कागद किती धाडले?"

कानिफनाथ राखेत काडी फिरवत राहिला. एकही नाही. रूपं चुकली तर ती हसेल, म्हणून आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं होतं.

गोरक्ष जावयाला आजवर कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. आज बोलला. "मला भाषा हुती, नाव न्हवतं. तुमच्याकडं नाव हाय, गाव हाय, आन तुमी चुकायला भिता? ती आई हाय का मास्तरीन?"

कानिफनाथचे डोळे भरून आले. त्याने नवा कागद घेतला. तो लिहीत होता आणि म्हातारा शेजारून सांगत होता, की तिला म्हणावं, तुमचं अन्न अंगी लागलं. हे रशियनमध्ये कसं म्हणायचं ते कानिफनाथला येईना. शेवटी त्याने साधं लिहिलं, तुमच्या हातचं खाल्लं म्हणून मी धडधाकट घरी आलो. सहा रूपांपैकी कुठलं पडलं ते त्याने तपासलं नाही.

जावई नाशिकहून टाकतो म्हणाला तर म्हातारा पाकीट सोडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला पटका बांधून तो स्वतः पारनेरला चालत गेला. पोस्टातल्या बाबूने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, आणि रशियात तुमचं कोण आहे, असं विचारलं.



"आई हाय," गोरक्ष म्हणाला.