अर्ध्या अंशाने निभावलं

मी औषधं गार ठेवणारी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. आता पोचे आलेत, कडी कुरकुरते. पण नवी होते तेव्हा एकदा बर्फ भरला की बारा तास आत गारवा टिकायचा. औषधांच्या दुकानात माझा मोठा मान होता. मग विजेवर चालणाऱ्या पेट्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. झाकणाचं रबर कडेला चिरलं, ते कुणी बघितलंही नाही.

एके दिवशी सकाळी एक घड्याळजी धापा टाकत दुकानात आला. नऊ हजार किलोमीटरवरच्या शहरात त्याची भाची आजारी होती. तिचं औषध तिकडे मिळत नव्हतं. इथे एकच कुपी होती, दुसरी यायला महिना लागणार होता. आठ अंशांच्या वर गेलं की औषध वाया.

"विमानाला किती तास?" औषधवाल्याने विचारलं.

"नऊला निघतं, पाचला पोचतं. आठ तास. इकडचे-तिकडचे दोन धरा."

"मग ही जुनी पेटी पुरेल."

चिरलेल्या रबरावर चिकटपट्टी लावून, आत बर्फ आणि कुपी ठेवून त्याने मला घड्याळजी मामांच्या हाती दिलं. मामा मला मांडीवर घेऊन विमानात बसले. अर्ध्या वाटेवर सूचना झाली, उतरायच्या शहरातली वेळ तीन तास मागे आहे, घड्याळं लावून घ्या.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मभर लोकांची घड्याळं लावणारा माणूस, पण तिकडचं घड्याळ वेगळं चालतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. प्रवास अकरा तासांचा होता. इकडचे-तिकडचे धरून तेरा. आत अजून गार आहे का बघायला घाबरून त्यांनी माझ्या कडीला हात घातला.

नका हो उघडू, मी मनात ओरडले. पण पेटीचं कोण ऐकतं?

"काका, थांबा!" हवाई सुंदरीने त्यांचा हात धरला. "उघडलंत की उरलासुरला गारवा जाईल."

तिने बर्फाच्या पिशव्या आणून मला चहूबाजूंनी लावल्या, वर दोन ब्लँकेटं गुंडाळली. बर्फ वितळला की नवा. मामांच्या पँटमधून पाणी गळत होतं, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. माझ्या आत मात्र गारवा हळूहळू कमी होत होता. मला ते कळत होतं आणि काहीच करता येत नव्हतं.

दवाखान्याच्या दारातच बहीण उभी होती. "दादा, आणलंस ना?" मामांनी मला डॉक्टरांपुढे ठेवलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं, तापमापक घातला. सगळे श्वास रोखून उभे.

"साडेसात," डॉक्टर म्हणाले. "चालेल."

मामा तिथेच फरशीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मुलगी बरी झाली. मी पुन्हा एका कपाटावर पडले आहे, रबर अजून तसंच.

मित्रांनो, दूर जायचं असेल तर तिकडे किती वाजलेत ते आधी विचारा. आणि माझ्यासारख्या पेटीचं रबर वेळेवर बदला. त्या दिवशी अर्धा अंश हाताशी होता. अर्धा अंश म्हणजे फार नसतो हो.