घामाचा लाल दिवा

चौसाळ्याच्या माळावर लखनबाबाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पितळी पादुकांवर दोन्ही हात ठेवायचे. हिरवा दिवा लागला तर माणूस शुद्ध, लाल लागला तर बाधा!

"यंत्र न्हाई रे हे, देवाचा डोळा हाय!" बाबा ओरडत होता. देवाच्या डोळ्याला बॅटरी कशाला लागते, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

रांगेत माझा शेजारी मल्लिनाथआप्पा उभा होता, खांद्यावर त्याची अकरा वर्षांची लेक शिवांजली. पोरीला रोज इन्सुलिन लागायचं. तीन दिवसांपूर्वी तिच्या हाताखाली लाल दिवा लागला आणि बाबानं सांगितलं, "सुईतूनच बाधा शिरली. सुई बंद!" मी तेव्हा पालीला विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायला गेलतो. आलो, तर पोरगी ओकतेय, धापा टाकतेय.

"आप्पा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"थांब बसवेश. आमचाच नंबर हाय."

पुढं गेलो आणि पादुकांना जोडलेली पेटी पाहिली. ती मीच बनवली होती! बाबाचा चेला सोमेश्वर मोसंबीच्या बागेची ओल तपासायला म्हणून घेऊन गेला होता. आत कंपॅरेटर नावाची चिप. ती दोन व्होल्टेज ताडून बघते. एक आपण बटण फिरवून ठरवायचं, दुसरं मातीतून येतं. माती ओली असली की दुसरं खाली घसरतं आणि लाल दिवा लागतो: पाणी पुरे. कोरडी असली की हिरवा. बाकी त्या चिपला काही म्हणजे काही कळत नाही. मातीत खुपसायच्या सळयांच्या जागी इथं पादुका जोडल्या होत्या, एवढंच.

शिवांजलीचे हात पादुकांवर ठेवले. हिरवा!

"शुद्ध झाली! बाधा गेली!" शेड दणाणलं. आप्पा ढसाढसा रडला.

मी मात्र तिचे तळवे चाचपले. त्या दिवशी भेदरलेल्या लेकराचे तळवे घामेजले होते. आज ते कोरडे ठणठणीत होते, कारण इन्सुलिनवाचून लघवीनं आणि ओकाऱ्यांनी अंगात पाणीच उरलं नव्हतं.

मी खांद्यावरचा टॉवेल पादुकांवर टाकला. हिरवा. त्यावर पाण्याचा तांब्या उपडा केला. लाल.

"बोल बे, टॉवेलाला कुणाची बाधा झाली?"

लोक बाबाच्या अंगावर धावले. मी पोरीला उचलून जीपमध्ये घातलं. बीड यायच्या आत तिचा श्वास थांबला.

"हिरवा लागलता की रं," आप्पा एवढंच म्हणत राहिला.

ती पेटी आता मी गावोगाव उघडून दाखवतो. माझ्या हातचं काम आहे, लाज वाटते, तरी दाखवतो. पाया पडतो तुमच्या: चमत्कार दिसला की झाकण उघडायला लावा, आणि लेकराचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.