भरदुपारी टाकलेली बाज

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची एक जुनी बाज आहे, आणि जे पाहिलं त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

पाचोडला एका सुतारानं मला घडवलं, सुंभानं घट्ट विणलं. भागूबाईच्या लग्नात मी तिच्याबरोबर सासरी आले. पुढं दुष्काळात विहीर आटली, तिचे यजमान नानासाहेब शहरात कंपनीत लागले आणि आम्ही उस्मानपुऱ्यातल्या एका खोलीत आलो. सकाळ झाली की मला भिंतीला उभी करत. आमच्याकडची रीतच तशी. दिवसा बाज टाकलेली दिसली की घरात कुणीतरी आजारी आहे, असं लोक समजतात. धडधाकट बाईनं दिवसा पाठ टेकायची नसते म्हणे! कुणी ठरवलं हे, देव जाणे.

भागूबाई टँकरचं पाणी दोन जिने चढवायची, शिवाय लोकांचे वीस डबे करायची. महिनाभर तिचं डोकं ठणकत होतं. नानासाहेब दवाखान्यात चल म्हणाले, की ती म्हणायची, मला काय धाड भरलीय?

एका दुपारी तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं मला टाकलं आणि अंग सैल सोडलं. मला किती बरं वाटलं! पण पाच मिनिटंही झाली नसतील, तोच शेजारच्या आवडाबाई दारात आल्या.

"कोण आजारी हाय गं?"

भागूबाई ताडकन उठली. "कुणी नाय. ढेकणं झालीत, तीच मारायलेय."

मी थक्क झाले. माझ्या अंगात औषधालाही ढेकूण नाही! बरं, एवढ्यावर ती थांबली का? आवडाबाईंना पटावं म्हणून तिनं टँकरचं पाणी उकळलं, तीन दिवस पुरवायचं पाणी, आणि वाकून वाकून माझ्यावर ओतलं. मग मला उभी करायला गेली आणि तिथंच कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवा हात हलेना. आडवं होण्याची एवढी लाज?

आवडाबाईंनीच रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब भयंकर वाढला होता, वेळेत आणलं म्हणून जीव वाचला.

भागूबाईचा हात अजून नीट वळत नाही. परवा दुपारी आवडाबाई तिला वरणभात भरवायला आल्या. भरवून झाल्यावर त्यांनी रिकामी ताटली खाली ठेवली.

"भागू, मी काळजीनं इचारलं व्हतं गं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जरा सरक. माझंबी डोकं लई दिवस झालं दुखायलंय."

दार सताड उघडं होतं. त्या तशाच तिच्याशेजारी आडव्या झाल्या. दोघींच्या भारानं मी करकरले, पण माझी काही तक्रार नाही.

मित्रांनो, घरात कुणी दमलेलं दिसलं तर त्याला दिवसाउजेडी निजू द्या. विचारायचंच असेल काही, तर आधी उशी द्या.