निळकंठबाबाचा निळा प्रसाद

आरे कॉलनीतल्या तबेल्यामागची पत्र्याची शेड खच्चून भरली होती आणि जो तो आपापल्या मेलेल्या माणसाशी बोलत होता. कुणाची आजी आली होती, कुणाचा नवरा. भिंती म्हणे श्वास घेत होत्या.

"पाहा रे, पाहा!" निळकंठबाबा झांजा वाजवत फिरत होता. "हलाहल पचवलंय मी तुमच्यासाठी! प्रसाद निळा का? माझ्या कंठातून उतरलाय म्हणून!"

बाबाचा कंठ चांगला गोरापान होता आणि त्यावर सोन्याची जाड साखळी होती. पण तिकडे बघतंय कोण?

"मिहिर इलो गे!" दत्ताराम ढसाढसा रडत हवेत हात फिरवत होता. त्याच्या बायकोने, वनमालाने, डोळे ताणून पाहिलं. गेल्या वर्षी वारलेला त्यांचा मुलगा तिला कुठेच दिसेना. समोर नुसता पत्रा होता. प्रसाद तर तिनेही खाल्ला होता.

बाबा तिच्यापाशी थांबला. "तुला काय दिसतंय?"

"काही नाही."

"ऐकलं का! पोटचा पोर आईला तोंड दाखवत नाही! का रे दत्ताराम? विचार त्याला, हिने काय केलं ते!"

दत्तारामने हवेला विचारलं आणि ओरडला, "आयेन माका तापात घरातच ठेवल्यान, म्हणता!"

शेजारच्या बाईने पदर आवरून घेतला. बाबाने वनमालाला प्रायश्चित्त दिलं: दर रविवारी सगळ्यांना प्रसाद वाटायचा, स्वतः खायचा नाही. घरी दत्ताराम तिच्या हातचं जेवेनासा झाला.

मुलगा गेल्यापासून वनमाला मालाडच्या डॉक्टर संघमित्रांकडून नैराश्याच्या गोळ्या घेत होती. तिने त्यांना विचारलं, "डॉक्टर, पापी आईला मेलेला मुलगा दिसत नाही का हो?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "आधी सांगा, तुम्हाला खायला काय दिलं होतं?"

वनमालाने डबीत थोडा प्रसाद आणून दिला. डॉक्टरांनी तो प्रयोगशाळेत तपासून घेतला.

"मधात अळंबी वाटलीय," त्या म्हणाल्या. "म्हशीच्या शेणावर उगवणारी. चिरडली की निळी पडते, तोच तुमच्या बाबाचा कंठ. पोटात गेली की तिच्यातून सिलोसिन तयार होतं. आपल्या मेंदूत सेरोटोनिन असतं, त्याचे निरोप घेणाऱ्या जागांना रिसेप्टर म्हणतात. सिलोसिन दिसायला सेरोटोनिनसारखंच. ते त्या जागी जाऊन बसतं आणि भलतेच निरोप देतं. मग भिंती हलतात, मनातलं समोर उभं राहतं."

"मग मलाच का नाही दिसलं?"

"तुमच्या गोळीमुळे. ती रोज घेतली की पुष्कळांच्या मेंदूवर अळंबीचा जोर चालत नाही. तुमच्या पापाचा काही संबंध नाही, वनमालाताई. आणि मिहिरला डेंग्यू होता. तुम्ही त्याला वेळेत दवाखान्यात नेलं होतं."

वनमालाने रिकामी डबी उचलून पिशवीत टाकली. मग म्हणाली, "रविवारी पोलिसांना घेऊन या."

रविवारी तिने साधा मध वाटला, केकचा निळा रंग घातलेला. बाबाच्या झांजा झडल्या, धूप झाला. कुणालाच काही दिसेना.

"मिहिर... बाळा, खंय आसस रे?" दत्ताराम हाका मारू लागला. वनमालाने त्याला मारू दिल्या. तिला दया आली नाही, उलट बरं वाटलं. त्याचा घसा बसल्यावर ती उठली आणि अळंबीची सगळी गोष्ट सांगून टाकली. बाबा मागच्या दाराने सटकायला गेला तो हवालदाराच्या हातात सापडला.

पण लोक बाबावर नाही, तिच्यावरच धावले. एका म्हातारीने तिच्या थोबाडीत मारली. "माझा माणूस परत मारलास गं तू!"

"मगे मिहिर माका बोललो ता काय होता?" दत्तारामने वनमालाला विचारलं.

"बाबाने सुचवलं," ती म्हणाली, "आणि तुमच्या मनात ते आधीपासून होतं. अळंबीला मिहिरचं नावसुद्धा ठाऊक नाही."

दत्तारामने मान खाली घातली. वनमाला गाल चोळत सगळ्यांकडे वळली.

"मारा मला. पण उद्या कुणी काही चाटवलं आणि देव दिसला, तर आधी विचारा, चाटवलं काय. आपलं माणूस गेलं तर रडा, डॉक्टरकडे जा, एकमेकांशी बोला. नाहीतर तुमच्याच मनातलं विष तुमच्या मेलेल्या लेकराच्या आवाजात बोलेल, आणि तुम्ही त्याला देववाणी म्हणाल."