बिनतेलाचं घर
"गोळ्याबिळ्या काही चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरची नजर न काढता विचारलं.

"छे हो. हिला साधी डोकेदुखीची गोळी लागत नाही," नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं. बायको ठणठणीत असल्याचा त्याला कोण अभिमान.

त्याच्या कंपनीतल्या मोफत तपासणीत तिच्या रक्तातली चरबी थोडी जास्त निघाली होती. गोळ्या होत्या, पण मूल न होण्याच्या. ती ज्या लाँड्रीत इस्त्री करायची, तिथल्या सुट्या बटणांच्या डब्यात तळाशी ते पाकीट असे. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. घरात मात्र तिसऱ्याचे वेध लागले होते, आणि तिचं "नको" कुणी कधी मनावर घेतलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तेल-तूप कमी करून चालायला सांगितलं आणि सगळं घर कामाला लागलं. नवरा रोज सकाळी तिला लाँड्रीच्या दारापर्यंत चालत सोडू लागला. तळणीवर जीव असलेल्या सासूबाईंनी कढईच माळ्यावर टाकली.

"तू उकडलेलं गिळणार आणि मी तुझ्यासमोर कुरुमकुरुम करू? माझ्या घशाखाली उतरेल का ते?"

त्यांनी छळलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. या मायेपुढे तिचा जीव गुदमरायचा.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जागचा हलला नव्हता. नेमका नवऱ्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

"आता खरं सांग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने सांगितलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अगं, मग आधी बोलायचंस ना. या गोळ्यांनी ही चरबी थोडी वाढतेच. तुझं बीपी, साखर सगळं चांगलं आहे. एवढ्याशाने काही होत नाही. तेल-तूप खा खुशाल."

"आणि घरी काय सांगू? कशामुळे वाढलं म्हणू?"

"तांबी बसवून टाकूया? गोळ्यांची कटकटच नको."

"त्यासाठी इथे यायचं तरी हे सोबत येणार."

दार उघडलं. "काय म्हणतोय रिपोर्ट?" नवऱ्याने काळजीने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने हलकेच नकारार्थी मान हलवली.

"घाबरण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "पथ्य पाळलंत तर बिघडत नाही."

रात्री ताटात पुन्हा उकडलेला भोपळा होता.

"आई, तुम्हाला कशाला ही शिक्षा? काढू का कढई खाली?"

"काढू की. तुझा रिपोर्ट चांगला आला की दोघी मिळून काढू. मग पाळण्याचंही बघता येईल."

सासूबाईंनी फिका भोपळा तोंडात घातला आणि तिला धीर यावा म्हणून चवीने खाल्ल्यासारखं केलं. तिने थोडा अजून वाढून घेतला.