लोर्ना सहा दिवस झोपली नाही

"कोणी हात लावायचा नाही!" धर्मोपदेशक ब्रदर ओडेल गरजले. "हिच्या अंगात पवित्र आत्मा आलाय!"

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं ते लाकडी चर्च गच्च भरलं होतं. लोर्ना बाकावर उभी राहून गात होती, मध्येच खदखदून हसत होती, एक वाक्य अर्धं टाकून दुसऱ्यावर उडी मारत होती. थंडीभर अंथरुणातून न उठलेली हीच बाई! ओडेलनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डॉक्टरच्या गोळ्या शेगडीत टाकायला लावल्या, आणि पाचव्या आठवड्यात ती ताडकन उठली. एवढं झाल्यावर लोकांना आणखी काय हवं?

तिची थोरली बहीण डेल्फिया गावच्या शाळेत शिकवायची. हा चमत्कार तिने चार वर्षांपूर्वीही पाहिला होता. तेव्हा तर ओडेलनी या खोऱ्यात पाऊलही टाकलं नव्हतं. डेल्फिया उभी राहिली.

"लोर्ना, तू झोपलीस कधी?"

"सहा दिवस डोळ्याला डोळा नाही, ताई! आणि थकवा? नावाला नाही!"

"हालेलुया!" लोक ओरडले.

"जेवलीस कधी?"

"मला आता भाकरी लागतच नाही!"

"हालेलुया!"

"अहो, हालेलुया कसलं करता? हा आजार आहे तिचा! गोळ्या सोडल्या म्हणून उलटलाय!"

ओडेल गोड हसले. "मास्तरीणबाई, आत्म्याला ताप येतो का? मग थर्मामीटर आणा की!"

लोक पोट धरून हसले. तेवढ्यात लोर्नाने दाराकडे धाव घेतली. "मी पाण्यावरून चालणार आहे! देवानं आत्ताच सांगितलं!"

बर्फ वितळून चर्चसमोरची नदी फुगली होती. लोर्ना सरळ पाण्यात शिरली आणि पाचव्या पावलाला दिसेनाशी झाली. मागोमाग काठावर आलेली साठ माणसं गात राहिली. अंगात आत्मा असलेल्याला शिवायचं नाही, हा त्यांचा बापजाद्यांचा नेम. डेल्फियाने तो मोडला. उडी घेतली आणि केसांना धरून बहिणीला ओढून काढलं.

"याला उन्माद म्हणतात," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या एकाएकी सोडल्या की उसळतो. आनंदासारखा दिसतो, म्हणून घरचे फसतात."

"मग ओळखायचा कसा?"

"आनंदी माणूस दमतो, झोपतो, दुसऱ्याचं ऐकतो. उन्मादातल्या माणसाला यातलं काहीच जमत नाही."

पुढच्या रविवारी डेल्फियाने हे सगळं चर्चमध्ये सांगितलं. ओडेलनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पाण्यावर चालतच होती. बुडवली कुणी? या बाईच्या अविश्वासानं!" साठ माणसांनी माना डोलावल्या. त्या दिवशी डेल्फियाशी कोणी हातसुद्धा मिळवला नाही. पहिल्या बाकावरच्या म्हातारीने तर पर्समधून हृदयाच्या गोळ्यांची बाटली काढून ओडेलच्या हातात ठेवली.

घरी लोर्ना भिंतीकडे तोंड करून पडली होती. डेल्फियाने गोळी आणि पाणी पुढे केलं.

"सहा दिवस देव माझ्याशी बोलत होता, ताई," ती म्हणाली. "तू त्याला गप्प केलंस."

तिने गोळी घेतली, पण बहिणीकडे पाहिलं नाही.

त्या खोऱ्यात डेल्फियाचं आजही कोणी ऐकत नाही. निदान तुम्ही तरी ऐका. घरातलं कोणी झोपेवाचून हसत-नाचत सुटलं, तर टाळ्या पिटू नका. त्याचा हात धरा आणि डॉक्टरकडे न्या. तो तुम्हाला शिव्या देईल. तरी हात सोडू नका.